सतरा नंबरचा डबा

"जालिंदर, तुझ्या बायकोला भांडता येत नाही," मी पोराला ताटावरच सांगितलं. "असली सून घेऊन मी काय करू?"

जालिंदरने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तो कुठं गेला ते शोधत बसला. आई आणि बायको दोघी घरात असल्या की त्याला ताटात फार काय काय दिसायचं.

"मी खोटं बोलत असले तर सांग. सकाळी दूध उतू गेलं. मी म्हटलं, डोकं कुठं ठेवलंयस? आता चांगल्या घरची सून काय करंल? रडंल, नाहीतर उलट बोलंल. मग मी चार शब्द बोलीन, ती दोन बोलंल, आणि दुपारच्या चहाला दोघी मोकळ्या. ही काय म्हणाली म्हाईत हाय? 'आत्या, तुम्हाला दुधाचा राग आलाय, का मी कॉलेजला जाते त्याचा?' हातात पळी, तोंड शांत. ह्याला काय उत्तर देऊ मी?"

"दोन्हीचा असला तरी सांगा, आत्या," आतून वैजूचा आवाज आला. "मी दोन्ही लिहून घेते."

"बघ! लिहून घेती!"

जालिंदर हात धुवायला उठला. टेम्पो घेऊन तो ब्याडगीला मिरची आणायला निघाला, तो तिसऱ्या दिवशी उगवला. शहाणा आहे पोरगा.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. तासगावात बाजाराच्या मागच्या अंगाला माझं मिरची कांडप आहे. मालक गेले तेव्हा जालिंदर सहा वर्षांचा होता आणि मी दुसरी पास होते. तेव्हापासून त्या लोखंडी मुसळांच्या वर आवाज काढून बोलायची सवय लागली, ती देवळातसुद्धा सुटत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला अर्ध्या गावाची वर्षाची चटणी माझ्याकडं कुटली जाते, आणि सगुणाक्काच्या कांडपात मिरचीचं देठसुद्धा हरवत नाही हे बारकी पोरंही सांगतील. हे मी गर्वानं सांगते. गर्व माझा मी कमावलाय, माहेराहून आणलेला नाही.

त्या घरात वैजयंता, म्हणजे आमची वैजू, बी.ए. होऊन सून म्हणून आली आणि तीन वर्षांनी म्हणाली, सांगलीला कॉलेजात नाव घालते. मला वाटलं मास्तरीण होईल. तर नाही. गुन्हे का होतात, गुन्हेगाराला शिक्षा कशी द्यायची, तुरुंग कसा चालवायचा आणि तुरुंगातून सुटलेल्या माणसाचं पुढं काय करायचं, याचं म्हणे दोन वर्षांचं शिक्षण असतं. कांडपात बायका विचारायच्या, "आक्का, सून काय शिकती?"

"तुरुंग."

"म्हणजे पोलिसात जाणार?"

"न्हाई. पोलिसांचं काम संपलं की हिचं सुरू होतं."

मिरच्यांची देठं खुडता खुडता ती पाठ करायची. एकदा मी कान दिला. शिक्षेचे हेतू चार: बदला घेणं, धाक बसवणं, अडकवून ठेवणं आणि सुधारणं.

मी म्हटलं, "त्यात शिकायचं काय? सासूचे पण तेच चार."

तिनं देठ बाजूला टाकलं आणि विचारलं, "आत्या, चौथा कधी करणार?"

असं विचारते, बघा. मला चार दिवस झोंबलं ते.

मार्चातली गोष्ट. सकाळी साडेनऊला मी कांडपाचं दार उघडलं, तर बाहेर एक माणूस उभा. पन्नाशीचा, केस बारीक कापलेले, डोक्याला टोपी, काखेत कापडी पिशवी, पाय जुळवलेले.

"कोण रं?"

"धोंडीराम भाऊ खिलारे, साहेब."

"साहेब कोण? मी बाई हाय."

"व्हय, साहेब."

"कवाधरनं उभा हायस?"

"पावणेसातपासनं."

"मग दार वाजवायला काय झालं?"

त्यानं दाराकडं बघितलं. दार ह्या बाजूनंही वाजवता येतं हे त्याच्या ध्यानातच नव्हतं जणू. मला वाटलं, डोक्यानं कमी आहे बिचारा. तेवढ्यात अंगण ओलांडून वैजू धावत आली.

"आला का तुम्ही? आत्या, मी सांगणारच होते..."

"कोण हाय ह्यो?"

"माझा अभ्यास," ती म्हणाली.

अभ्यास असा: कॉलेजातल्या प्रत्येकानं तुरुंगातून सुटलेल्या एका माणसाला महिनाभर कामाला लावून द्यायचं, त्याच्यावर लक्ष ठेवायचं आणि त्याचं सगळं लिहून काढायचं. तुरुंगात त्याला काय शिकवलं ते बाहेर उपयोगी पडतं की नाही, हे त्यातून कळतं म्हणे. वैजूनं हॉटेलात विचारलं, तेलाच्या घाण्यावर विचारलं, कोंबड्यांच्या शेडवर विचारलं. सात ठिकाणी दार लागलं.

"आणि आठवं माझं दिसलं?"

"आठवं शेवटचं, आत्या."

मी त्या माणसाकडं वळले. "काय केलं हुतंस?"

"चुलतभावाला मारलं, साहेब. खोऱ्याच्या दांड्यानं."

"कशावरनं?"

"बांधावरनं."

"मेला?"

"तिसऱ्या दिवशी."

"किती वर्षं बसलास?"

"चौदा अन् चार म्हयनं."

"घरी कोण?"

"बायकूनं दुसरं घर केलं, साहेब. बरं केलं."

एवढी सरळ उत्तरं मला या गावात कुणी दिली नव्हती. पण मी काही लगेच विरघळणारी नव्हे. वैजूला जिंकायची ही चांगली संधी होती आणि मी ती घेतली.

"एक महिना," मी म्हटलं. "पोत्यांच्या खोलीत झोपंल, दोन वेळ जेवंल, पारूच्या हाताखाली काम करंल. महिन्याच्या आत माझ्या कांडपातनं काही गेलं, नाहीतर ह्योच पळून गेला, तर तुझं कॉलेज बंद. कबूल?"

वैजूचा चेहरा उतरला. पण तिनं वही काढली आणि लिहिलं. लिहून झाल्यावर विचारलं, "आणि महिना नीट गेला तर?"

"तर काय?"

"तर तुम्ही काय करणार, ते लिहायचं राहिलं."

पारू, पंधरा वर्षांपासून माझ्याकडं असलेली कामवाली, तोंडाला पदर लावून हसायला लागली. तिच्यासमोर मागं हटणं मला परवडणारं नव्हतं.

"तर कॉलेजाबद्दल माझ्या तोंडातनं शब्द निघणार न्हाई. जन्मात."

"सही करा," वैजू म्हणाली.

दुसरी पास बाईला सही करायला वेळ लागतो. त्या वेळात मला कळलं की मी सुनेला अडकवायला गेले आणि कागदावर दोघींची नावं बसली. पण सही झाली होती.

धोंडीराम कामाला वाघ निघाला. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. तुरुंगात आठशे माणसांच्या भटारखान्यात तो सहा वर्षं होता, त्यामुळं मिरचीच्या धुरळ्यानं त्याला शिंकसुद्धा येत नव्हती. पारू चार शिंका देऊन उखळाला शिव्या द्यायची, हा शांत. डबे भरायचं काम मी त्याच्याकडं दिलं. आमच्याकडं रीत अशी: बाईनं मिरची-मसाला आणला की तिच्या डब्यावर खडूनं नंबर पडतो, आणि त्या बाईची प्रत्येक वस्तू, पिशवी, चाळण, तेलाची किटली, त्याच नंबराखाली राहते. धोंडीरामला ही रीत एकदा सांगितली, तो म्हणाला, "म्हाईत हाय, साहेब. आमचं पण असंच हुतं."

"साहेब म्हणू नकोस. आक्का म्हण."

"व्हय, आक्कासाहेब."

एवढ्यावर आम्ही दोघं थांबलो.

त्याच्या चार-दोन गोष्टी मात्र मला खटकायच्या. ताट वाढलं तरी 'जेव' म्हटल्याशिवाय घास उचलायचा नाही. दार लोटलेलं असलं तर दुसऱ्या कुणीतरी उघडेपर्यंत बाहेर उभा. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि सगळ्यांत वाईट ते संध्याकाळचं. काम संपलं, तोंड धुतलं, की हा माणूस पोत्यांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहायचा. आत जायचा नाही, बसायचा नाही. सहाच्या एस.टी.नं वैजू सांगलीहून यायची. पिशवी खांद्यावर, चपला धुळीनं भरलेल्या, तशीच अंगण ओलांडून त्याच्याकडं जायची. काहीतरी एकच शब्द बोलायची. तो मान हलवायचा, आत जायचा आणि दार लोटून घ्यायचा. रोज. न चुकता.

मी चुलीपाशी बसून खिडकीतनं बघायची. आठ दिवस बघितलं आणि मग राहवेना.

"काय बोलतीस गं त्याच्याशी?"

"त्यालाच विचारा की, आत्या."

"मी विचारू? मालकीण मी, मी नोकराला विचारत फिरू, तुझं नि माझ्या सुनेचं काय गुपित हाय म्हणून?"

"गुपित नाही. पण मी सांगितलं तर ते माझं होईल. त्यानं सांगितलं तर त्याचं राहील."

आता बोला. ह्याला काय भांडण म्हणायचं? मी तवा आपटला. विचारलं मात्र नाही. विचारणं माझ्या जिवावर येतं. मला सांगायची सवय आहे.

सत्ताविसावा दिवस उजाडला. त्या दिवशी वैजूची कॉलेजात तोंडी परीक्षा होती, म्हणून ती पहाटेच गेली. माझ्याकडं त्या दिवशी मालनबाई आल्या होत्या, निवृत्त मास्तरांच्या बायको. गाव त्यांना मास्तरीणबाई म्हणतं. स्वतः त्या कधी शाळेत शिकवायला गेल्या नाहीत, पण बोलतात हातात छडी असल्यासारखं. पाच किलोची चटणी होती त्यांची. कांदा-लसूण तेलात कालवताना हाताची आग होते, म्हणून बायका अंगठ्या काढून ठेवतात. मास्तरीणबाईंनी आपली अंगठी काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. हे सगळ्यांनी बघितलं. डब्याचा नंबर सतरा. चटणी कुटून झाली, धोंडीरामनं डब्यात दाबून भरली. ती गार होईपर्यंत मास्तरीणबाई शेजारी देशपांड्यांकडं चहाला गेल्या. परत आल्या, झाकण लावलेला डबा रिक्षात घातला आणि घरी गेल्या.

तीनच्या सुमाराला त्या आल्या त्या ओरडतच.

"माझी अंगठी! खिडकीत ठेवली होती! आक्का, माझी अंगठी!"

मुसळं बंद केली. चार बायका होत्या, त्या उठल्या. खिडकीचा कट्टा बघितला, पोती झाडली, उखळात हात घालून बघितलं. अंगठी नव्हती. आणि मग सगळ्यांची मान एकाच दिशेला वळली. माझी पण.

"तरी मी म्हणत होते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सून तुरुंग शिकते आणि सासू कांडपात तुरुंग भरवते! खुनी माणूस ठेवलाय बायकांच्यात! काढ रे, काढ अंगठी!"

"काढ म्हणत्यात न्हवं?" मी पण ओरडले. "धोंडीराम, काढ!"

आणि त्या माणसानं काय केलं असेल? टोपी काढून जमिनीवर ठेवली. दोन्ही खिसे उलटे करून बाहेर ओढले. एका खिशातनं खडूचा तुकडा पडला, दुसऱ्यातनं फणी. मग तो भिंतीकडं तोंड करून उकिडवा बसला आणि हात डोक्यावर ठेवले. तोंडातनं चकार शब्द नाही.

"बघा!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "चोर नसता तर असा बसला असता?"

मला पण तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

पोलिसांना बोलवायचं ठरत होतं. मी म्हटलं, सहा वाजेपर्यंत थांबा, सून येऊ दे. मास्तरीणबाई मिरचीच्या पोत्यावर ठाण मांडून बसल्या. मी आत गेले आणि पाणी प्याले. खरं म्हणजे मी जिंकले होते. महिन्याला तीन दिवस कमी असताना माझ्या कांडपातनं वस्तू गेली होती. वैजूनं वही उघडायची, आणि उद्यापासून सांगलीची एस.टी. बंद. मला आनंद व्हायला हवा होता. पण डोळ्यांपुढं सारखी ती चार हेतूंवाली पोरगी येत होती, मांडीवर पुस्तक, बोटं लाल. आणि सगुणाक्काच्या कांडपात वस्तू हरवली, हे उद्या गावभर होणार होतं ते वेगळंच.

सहाची एस.टी. आली. वैजू आली नाही. शेजारच्या दुकानात निरोप आला, परीक्षा लांबली, पुढच्या गाडीनं येते.

मग मी ठरवलं, पोलीस नको. माणूसच जाऊ दे. मी बाहेर आले.

"ऊठ," मी धोंडीरामला म्हटलं. "तुझी पिशवी घे आणि चालायला लाग. परत ह्या गावात दिसू नकोस."

"आक्का!" मास्तरीणबाई ओरडल्या. "माझ्या अंगठीचं काय?"

"तुमच्या अंगठीचं मी बघीन. जा रं तू!"

तो उठला. पोत्यांच्या खोलीतनं त्यानं पिशवी आणली, काखेत घेतली आणि त्या खोलीच्या दाराशी येऊन पाय जुळवून उभा राहिला. रस्त्याचं फाटक सताड उघडं. समोर रस्ता. हा उभाच.

"जा म्हटलं न्हवं? बहिरा झालास?"

"जातो, आक्कासाहेब. पण गिनती व्हायची हाय."

"कसली गिनती?"

"सांजची. आत घालायच्या आदी गिनती करत्यात. ती झाल्याबिगर हलायचं नसतंय. हितं रोज वैनीसाहेब करत्यात."

"किती माणसं मोजती ती?"

"एक," तो म्हणाला.

मुसळं बंद होती. पारूसुद्धा शिंकायची थांबली.

तो पहिल्या दिवशी पावणेसातपासनं दाराबाहेर उभा होता, ते मला आठवलं. दार आपण उघडायचं नसतं, चौदा वर्षं ते दुसऱ्यानंच उघडायचं असतं. अशा माणसाला 'काढ' म्हटल्यावर तो काय करणार? झडती देणार. दिलीच की त्यानं. तीन वाजल्यापासनं आम्ही सहा बायका त्याच्यावर ओरडत होतो, आणि सहांतल्या एकीनंही त्याला काही विचारलं नव्हतं. गावात विचारायची खोड असलेली जी एक बाई होती, ती सांगलीला परीक्षा देत बसली होती.

मी घसा खाकरला. तोंडाला वळण नव्हतं, त्यामुळं प्रश्नसुद्धा हुकूम दिल्यासारखा निघाला.

"धोंडीराम. मास्तरीणबाईंची अंगठी तू बघितलीस का?"

"व्हय, आक्कासाहेब."

बायकांनी श्वास ओढला. मी हात वर केला.

"कुठं?"

"खिडकीत. बाई च्याला गेल्यावर."

"मग काय केलंस?"

"जमा केली."

"कुठं जमा केली?"

"सतरा नंबरात. फडक्यात बांधून डब्यात वर ठिवली, हिंगाच्या खड्यापाशी. ज्याचा नंबर त्याची वस्तू. तुमीच सांगितलं हुतं."

"अरे मग दुपारधरनं बोलला का न्हाईस?"

"विचारलं न्हाई कुणी. 'काढ' म्हणली सगळी. काढ म्हटलं की झडती. झडतीत बोलायचं नसतंय."

मी मास्तरीणबाईंकडं वळले. "डबा उघडून बघितला होता?"

मास्तरीणबाईंचा चेहरा पहिल्यांदा विद्यार्थ्यासारखा झाला. "आमच्याकडे नव्या चटणीचा डबा सात दिवस उघडत नाहीत," त्या म्हणाल्या. "मुरायला ठेवतात. माझ्या सासूबाईंची रीत आहे."

"चला," मी म्हटलं. "बघू तुमच्या सासूबाईंची रीत."

धोंडीराम हलेना. गिनती राहिली होती.

"ती मी करते परत आल्यावर. आता माझ्याबरोबर चल."

"पहाऱ्यात, आक्कासाहेब?"

"व्हय बाबा, पहाऱ्यात!"

पहाऱ्यात म्हटल्यावर तो लगेच निघाला. अशी आमची वरात बाजारातनं निघाली: पुढं मास्तरीणबाई, मागं धोंडीराम पिशवी घेऊन, त्याच्यामागं मी पहारेकरी, आणि आमच्यामागं पारू, जिला काही काम नव्हतं पण राहवत नव्हतं. वाटेत तिघांनी विचारलं, काय झालं? पारूनं तिघांना सांगितलं, अन् प्रत्येकाला थोडं वाढवून.

मास्तर ओसरीवर पेपर वाचत होते. डबा देवघराशेजारच्या फळीवर, झाकणावर खडूचा सतरा. मास्तरीणबाईंनी झाकणावर हात ठेवला आणि थांबल्या.

"पण आक्का, एकदा उघडला की चटणीची चव जाते. वर्षाची चटणी आहे."

"मग सात दिवस थांबा," मी म्हटलं. "काही घाई न्हाई. पण तोवर तुम्ही ह्याला चोर म्हणायचं न्हाई, आणि मी तुम्हाला काही म्हणायचं न्हाई. मला ते जड जाईल."

मास्तरांनी पेपर खाली केला. "मालन, उघड. मी बेचव खाईन वर्षभर. सवय आहे."

झाकण उघडलं. वासानं पारूला शिंक आली. वर हिंगाचा खडा, त्याला लागून पांढऱ्या फडक्याची सुपारीएवढी गाठ. गाठीवर खडूनं लिहिलेलं सतरा. मास्तरीणबाईंनी गाठ सोडली. अंगठी आत होती, पुसून ठेवलेली. तेलाचा डाग नव्हता तिच्यावर.

"सापडली बाई," त्या म्हणाल्या आणि घाईघाईनं बोटात घातली. "बरं झालं. या आता."

"याचं नाव धोंडीराम हाय," मी म्हटलं. "दुपारपासनं तुम्ही त्याला बरीच नावं ठेवली, त्यातलं हे एक राहिलं."

मास्तरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग मास्तरांकडं. मास्तर परत पेपरात शिरले होते. नाइलाज झाला.

"धोंडीराम," त्या म्हणाल्या. मग बोटातली अंगठी फिरवत म्हणाल्या, "चहा घेता का?"

धोंडीरामनं माझ्याकडं बघितलं.

"मला कशाला विचारतोस? तोंड तुझं हाय."

त्याला बराच वेळ लागला. मग तो म्हणाला, "घेतो." चौदा वर्षं आणि पाच महिन्यांनी त्या माणसानं कुणाला न विचारता काहीतरी ठरवलं. चहात साखर कमी होती, पण मी बोलले नाही.

आम्ही परत कांडपाच्या फाटकाशी आलो तेवढ्यात रस्त्याकडनं वैजू धावत आली. एस.टी. स्टँडवरच तिला कुणीतरी अर्धी गोष्ट सांगितली होती, आणि अर्धी गोष्ट नेहमी वाईट अर्धीच असते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सून होऊन तीन वर्षं उलटली होती, ते पाणी मी पहिल्यांदा बघत होते.

"आत्या, मी ऐकलं. त्यांना हाकलू नका. मी लिहून दिलंय, मी मोडणार नाही. कॉलेज सोडते मी. पण त्यांना हाकलू नका, त्यांना जायला कुठं..."

"थांब," मी म्हटलं. "आधी राहिलेलं काम."

धोंडीराम पोत्यांच्या खोलीच्या दाराशी पोचला होता. पाय जुळवलेले, मान ताठ. मी अंगण ओलांडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझा आवाज मुसळांच्या वर जाणारा. त्या दिवशी तो कुठं गेला होता कोण जाणे.

"एक," मी म्हटलं.

"एक," तो म्हणाला. "बराबर हाय, आक्कासाहेब." आत गेला आणि दार लोटून घेतलं.

पुढं पावसाळा येईपर्यंत मी त्याला मोजत होते. मग एका संध्याकाळी बघते तर तो खोलीत दिवा लावून बसलेला, गिनतीला थांबलाच नव्हता. मला जरा रागच आला. अकरा वर्षं राहिला तो आमच्याकडं. वैजू आता दूरच्या एका मोठ्या तुरुंगात सुटणाऱ्या माणसांचं बघते, आणि रविवारी घरी आली की मला विचारून विचारून हैराण करते. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी मी मागं वळले तेव्हा ती अंगणाच्या मधोमध उभी होती, तोंड उघडं.

"आत्या, हे तुम्हाला कसं कळलं?"

"विचारलं."

"तुम्ही? विचारलं?"

"तोंड मिट. अंगठी त्यांच्याच डब्यात होती. सगळं पारू सांगेल, तिला आवडतं. अजून तीन दिवस बाकी हायत, पण माझ्यापुरता महिना झाला. कॉलेजाबद्दल माझ्या तोंडातनं शब्द निघणार न्हाई. सही केलीया मी."

ती रडतच हसली आणि सवयीनं पिशवीतनं वही काढली.

"काढलीस ना वही? मग लिही. तुझ्या खोडीबद्दल मी कुठं सही केलेली न्हाई, त्यामुळं ते बोलणार. मोठ्या अक्षरात लिही, मला वाचता आलं पाहिजे. वैजे, तुझी ही माणसाला विचारत सुटायची खोड मला आवडली नव्हती, आवडत न्हाई आणि आवडणार न्हाई. पण सोडलीस, तर ह्या घरात गाठ माझ्याशी हाय."